जंतांचा उपद्रव आणि चिंचवडची उद्योगनगरी

मोरया गोसावी यांच्या समाधिस्थानामुळे आणि चाफेकर बंधूंच्या स्मृतीमुळे साऱ्या महाराष्ट्राला परिचित असलेले पवनाकाठचे चिंचवड आज एका विशाल उद्योगनगरीचा भाग बनले आहे. शेजारच्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर या परिसरातील माळरानावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नवनगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांच्या घरात होती. पुढे उद्योगांचा हा पट्टा चाकणपर्यंत विस्तारला.

मोटारी, दुचाक्या, यंत्रे आणि औषधे निर्माण करणाऱ्या या भूमीत पोटातील जंतांसारख्या जुन्या आजाराचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. जंत हा खेड्यातला आजार, शहरात तो कोठून येणार, अशी एक समजूत आहे. परंतु जंतांना खेडे आणि शहर असा भेद माहीत नाही. जेथे मानवी विष्ठेचा मातीशी संबंध येतो आणि त्या मातीचा माणसाच्या हातांशी, पायांशी किंवा अन्नाशी संबंध येतो, तेथे जंत टिकून राहतात. कामाच्या शोधात मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांतांतून आलेली कुटुंबे जेथे बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत, वीटभट्ट्यांवर किंवा दाटीच्या वस्त्यांत राहतात, तेथे हा संबंध तुटणे सोपे नसते. म्हणूनच या आजाराचे स्वरूप, त्याचा प्रसार आणि त्याचा प्रतिबंध यांची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे अगत्याचे आहे.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना मातीतून पसरणाऱ्या जंतांची बाधा आहे. हे प्रमाण जगाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढे होते. भारतात १ ते १४ वर्षे वयोगटातील सुमारे २४ कोटी मुलांना या बाधेचा धोका असल्याचे याच संघटनेने यापूर्वी नमूद केले होते.

एवढा मोठा आजार असूनही त्याची चर्चा फारशी होत नाही, याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. पटकी किंवा हिवताप गाजावाजा करीत येतो. जंत मात्र गुपचूप येतात आणि वर्षानुवर्षे मुक्काम करतात. ते सहसा प्राण घेत नाहीत, पण मुलाच्या अंगावरचे मांस, त्याच्या रक्तातील लोह आणि शाळेतील त्याचे लक्ष हळूहळू कमी करीत राहतात. मूल मलूल दिसते, धड्यात त्याचे मन लागत नाही, खेळताना ते लवकर दमते. घरचे त्याला अशक्त म्हणतात, गुरुजी त्याला मंद म्हणतात आणि शेवटी ते मूलही स्वतःला तसेच समजू लागते. जंतांमुळे होणारे खरे नुकसान हे आहे आणि कोणत्याही मृत्युनोंदीत ते दिसत नाही.

जंतांचे प्रमुख प्रकार

‘जंत’ हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जात असला, तरी पोटात राहणारे कृमी एकाच जातीचे नसतात. त्यांपैकी पुढील प्रकार महत्त्वाचे होत.

पहिला प्रकार गोल जंतांचा. दिसायला हा गांडुळासारखा, पण फिकट पांढरा किंवा किंचित गुलाबी असतो. मादी २० ते ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढते व दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. मात्र बाहेर पडताक्षणी ती बाधा करू शकत नाहीत. उबदार, ओलसर व सावलीच्या मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्यांच्यात अळी तयार होते. असे अंडे हाताला, भाजीला किंवा पाण्याला लागून पोटात गेले, की आतड्यात अळी बाहेर पडते. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतावाटे फुप्फुसात पोहोचते, तेथून श्वासनलिकेतून घशाशी येते आणि थुंकीबरोबर गिळली जाऊन पुन्हा आतड्यात येते. या प्रवासात काही मुलांना कोरडा खोकला व धाप लागते आणि घरच्यांना ती सर्दी वाटते. अंडे गिळल्यापासून दोन ते तीन महिन्यांत पूर्ण वाढलेला जंत तयार होतो व तो एक ते दोन वर्षे जगतो.

दुसरा प्रकार अंकुशकृमींचा. हा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा असतो, परंतु उपद्रवाच्या दृष्टीने सर्वांत घातक समजला जातो. तोंडातील दातांसारख्या किंवा धारदार पट्ट्यांसारख्या भागांनी तो आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि रक्त शोषतो. याची अंडी तोंडावाटे जाण्याची गरज नसते. ओल्या मातीत अंड्यातून एकदोन दिवसांत अळी बाहेर पडते. पाचदहा दिवसांत ती बाधा करण्याजोगी होते आणि अनवाणी पायाची त्वचा भेदून शरीरात शिरते. अशा ठिकाणी पायाला खाज सुटते व बारीक पुरळ येतो. पावसाळ्यात चिखलातून वावरणाऱ्या शेतमजुरांना, माती कालवणाऱ्या वीटभट्टी कामगारांना आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांना याचा धोका अधिक असतो.

तिसरा प्रतोदकृमी. याचा पुढचा भाग चाबकाच्या दोरीसारखा बारीक असतो व तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात रुतून बसतो. याचा प्रसार गोल जंताप्रमाणेच मातीतील अंड्यांमुळे होतो. बाधा मोठी असल्यास आव व रक्त पडते आणि काही मुलांची गुदद्वाराची आतली बाजू बाहेर येते.

चौथा प्रकार सूतकृमींचा. सुताच्या बारीक तुकड्यासारखा दिसणारा हा कृमी मातीवर अवलंबून नाही. रात्री मादी गुदद्वाराशी येऊन अंडी घालते व तेथे खाज सुटते. मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी तीच बोटे तोंडात जातात. पांघरुणे, चादरी व कपडे यांतूनही अंडी घरभर पसरतात. त्यामुळे सदनिकेत राहणाऱ्या सुस्थितीतील कुटुंबांतही हा कृमी आढळतो. घरातील एकाला बाधा झाली, तर सर्वांनी एकाच वेळी औषध घेणे व दोन आठवड्यांनी ते पुन्हा घेणे योग्य ठरते.

याखेरीज पट्टकृमींचा उल्लेख करणे आवश्यक आहे. नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातून हा कृमी माणसाच्या आतड्यात येतो. बाधित माणसाच्या विष्ठेतील त्याची अंडी दुसऱ्याच्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून तेथे गाठी तयार करतात आणि फेफऱ्यासारखे झटके येऊ लागतात. मांस न खाणाऱ्या माणसालाही न धुतलेली कोथिंबीर किंवा अस्वच्छ हातांनी वाढलेले अन्न यांमुळे असा आजार होऊ शकतो. शाकाहारी कुटुंबांनी या बाबतीत निश्चिंत राहू नये.

रक्ताचा हिशेब

अंकुशकृमीमुळे होणाऱ्या हानीचा हिशेब साध्या आकड्यांत मांडता येतो. जातीनुसार एक अंकुशकृमी दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त वाया घालवतो. हा थेंब क्षुल्लक वाटतो. परंतु पोटात असे शंभर कृमी असतील, तर रोज ३ ते २० मिलिलिटर रक्त जाते. दहा मिलिलिटर रक्तात ४ ते ५ मिलिग्रॅम लोह असते. वाया गेलेल्या लोहापैकी काही भाग आतड्यात पुन्हा शोषला जातो हे खरे, पण साध्या डाळभाकरीच्या आहारातून शरीराला रोज मिळणारे लोह मुळात एकदोन मिलिग्रॅमच असते. जमेपेक्षा खर्च अधिक झाला, की कोणत्याही घराचे दिवाळे निघते. शरीराचेही तसेच आहे. चेहरा निस्तेज होतो, जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर ही तूट माता व बालक या दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी शेकडा ६७ बालकांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा ६९ च्या जवळ होते, तर १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत ते निम्म्याहून अधिक होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. अपुरा आहार हे त्यांतील मुख्य कारण होय. परंतु जंत असलेल्या मुलाला केवळ लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे तळाला भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखे आहे. याच विचाराने २०१८ मध्ये सुरू झालेल्या अनिमियामुक्त भारत कार्यक्रमात लोहाच्या गोळ्यांबरोबर जंतनाशक औषधालाही स्थान देण्यात आले.

गोल जंतांचे नुकसान वेगळ्या प्रकारचे असते. ते मुलाच्या अन्नात वाटेकरी होतात आणि जीवनसत्त्वांचे शोषण होऊ देत नाहीत. त्यांची संख्या फार वाढली, तर त्यांचा गुंता होऊन आतडे बंद पडते. पोट फुगणे, शौचास व वारा न सरणे आणि हिरवट उलट्या ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कारखानदारी आणि कृमी

उद्योग आणि कृमी यांचा संबंध नवा नाही. आल्प्स पर्वतातील सेंट गॉथर्ड हा रेल्वेचा बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खोदला गेला. तेथील मजुरांत १८८० च्या सुमारास विलक्षण रक्तक्षयाची साथ पसरली. हजारो मजूर उबदार, दमट बोगद्यात दिवसभर राबत आणि शौचालयांअभावी तेथेच शौचास बसत. इटलीतील शास्त्रज्ञ एदोआर्दो पेरोनचितो यांनी या रक्तक्षयाचे मूळ अंकुशकृमीत असल्याचे दाखवून दिले. त्या बोगद्यात युरोपातील आधुनिक यंत्रसामग्री होती. मजुरांसाठी शौचालय मात्र नव्हते.

चिंचवड-चाकण पट्ट्यात उद्योजकांनी, ठेकेदारांनी व बांधकाम व्यावसायिकांनी हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारखान्याच्या आत स्वच्छतागृहे असतात. परंतु इमारत किंवा रस्ता बांधणाऱ्या मजुरांची कुटुंबे जेथे उतरतात, तेथे पाणी व शौचालय यांची सोय पहिल्या दिवसापासून असणे तितकेच गरजेचे आहे. काम संपले की ही कुटुंबे दुसऱ्या ठिकाणी जातात. त्यांची मुले अनेकदा शाळेच्या पटावर नसतात आणि अंगणवाडीच्या नोंदवहीतही नसतात. औषध वाटपाच्या दिवशी ज्यांना गोळीची सर्वांत अधिक गरज असते, नेमकी तीच मुले अशा रीतीने वगळली जाण्याची भीती असते.

दाट वस्त्यांत सार्वजनिक शौचालये असली, तरी लहान मुले तेथे जाण्यास भितात. बैठक मोठी, आत अंधार आणि बाहेर रांग. मग मूल गटाराच्या कडेला किंवा घरामागे बसते. लहान मुलाच्या विष्ठेची किळस मानावयाची नाही, ती निरुपद्रवी असते, असा समजही घरोघरी आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. गोल जंत व प्रतोदकृमी यांची बाधा मुलांतच सर्वांत अधिक असते. म्हणून मुलांच्या विष्ठेत अंड्यांचे प्रमाणही अधिक असते. ती उचलून शौचालयात टाकणे व नंतर साबणाने हात धुणे हे प्रतिबंधाच्या दृष्टीने मोलाचे काम होय.

पेनिसिलिनची भूमी आणि जंतांचे औषध

पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि जिवाणूंमुळे होणाऱ्या अनेक रोगांवर देशात तयार झालेले औषध उपलब्ध झाले. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. मं. ज. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन या बुरशीनाशक औषधाचा शोध लावला. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे पिंपरीचे नाव देण्यात आले.

अशा भूमीतील नागरिकांनी एक गोष्ट विशेषत्वाने समजून घ्यावी. पेनिसिलिन किंवा तत्सम प्रतिजैविके जंतांवर चालत नाहीत. प्रतिजैविके जिवाणूंच्या रचनेवर आघात करतात. जंत हे जिवाणू नसून अनेक पेशींचे, स्वतंत्र पचनसंस्था व मज्जासंस्था असलेले प्राणी आहेत. पट्टकृमीला तर पचनसंस्थाही नसते. तो सर्व अंगानेच अन्न शोषतो. त्यामुळे पोट दुखते म्हणून दुकानातून उरल्यासुरल्या कॅप्सूल आणून मुलाला देणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय हानिकारकही आहे. अशक्तपणावर ‘ताकदीचे इंजेक्शन’ किंवा महागडे टॉनिक मागण्याची रीतही अशीच खर्चिक व निष्फळ ठरते.

जंतांवर आज सर्वत्र वापरले जाणारे औषध म्हणजे अल्बेंडाझोल. हे औषध कृमीच्या पेशींतील अतिसूक्ष्म नलिकांची जडणघडण रोखते. त्यामुळे कृमीला ग्लुकोज शोषता येत नाही, त्याची शक्ती संपते आणि तो आतड्यातून बाहेर टाकला जातो. औषधाचा फार थोडा अंश मुलाच्या रक्तात जात असल्याने एका मात्रेचा त्रास सहसा होत नाही. गोल जंतांवर एकच मात्रा अतिशय प्रभावी ठरते. अंकुशकृमींवरही तिचा चांगला उपयोग होतो. प्रतोदकृमींवर मात्र एका मात्रेचा परिणाम मर्यादित असतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आपल्या परंपरेतही कृमींवर औषधे होती. आयुर्वेदात कृमींचा स्वतंत्र विचार झाला आहे. वावडिंग दुधात उकळून बाळाला देण्याची चाल महाराष्ट्रात घरोघरी होती आणि किरमाणी ओव्यापासून मिळणारे सँटोनिन हे औषध एके काळी पाश्चात्त्य वैद्यकातही प्रचलित होते. वैद्यांच्या सल्ल्याने अशी औषधे घेण्यास हरकत नाही. परंतु अंदाजाने मात्रा ठरवून लहान बालकावर प्रयोग करणे टाळावे.

काही गैरसमज

गोड किंवा गूळ खाल्ल्याने जंत होतात, असे आजही अनेक घरांत मानले जाते. जंत अंड्यापासून किंवा अळीपासून होतात, गुळापासून नव्हे. गूळ उघडा राहिला व त्यावर धूळ आणि माश्या बसल्या, तर दोष अस्वच्छतेचा असतो.

झोपेत दात खाणे व गालावर पांढरे डाग पडणे ही जंतांची हमखास लक्षणे समजली जातात. ही दोन्ही जंत नसलेल्या मुलांतही दिसतात. जंतांची खात्री शौचाच्या तपासणीने होते.

जंत पोटात पिले घालून वाढत जातात, असाही समज आहे. गोल जंत, अंकुशकृमी व प्रतोदकृमी यांची अंडी माणसाच्या पोटात उबत नाहीत. त्यांना मातीची आवश्यकता असते. पोटातील जंतांची संख्या वाढते ती पुन्हा पुन्हा अंडी किंवा अळ्या आत गेल्यामुळे. ही गोष्ट आशादायक आहे. बाहेरून येणारी वाट बंद केली, तर आतले जंत आपोआप आयुष्य संपवून नाहीसे होतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्याने जंतांची भीती नाही, हेही अर्धसत्य आहे. गोल जंताच्या अंड्याचे कवच इतके मजबूत असते, की पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पवनेचे पाणी रावेत येथून उचलून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणले जाते. अशा केंद्रात पाणी निवळणे व वाळूच्या थरातून गाळणे या क्रियांमुळे अंडी अडकतात. परंतु नळातून आलेले शुद्ध पाणी उघड्या पिंपात साठवले व त्यात हात बुडवून पेला भरला, तर गाळण्याचा सारा खटाटोप वाया जातो. टँकरचे किंवा विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी ते उकळून घेणे हा खात्रीचा उपाय आहे.

राष्ट्रीय जंतनाशक दिन

जंतांची बाधा इतकी व्यापक आणि औषध इतके सुरक्षित असताना प्रत्येक मुलाची शौचतपासणी करीत बसणे खर्चाचे ठरते. म्हणून जेथे शेकडा २० किंवा अधिक मुलांना बाधा असते, तेथे वर्षातून एकदा आणि शेकडा ५० हून अधिक मुलांना बाधा असल्यास वर्षातून दोनदा सर्वच मुलांना औषध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या धोरणास अनुसरून भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिनास प्रारंभ झाला. पहिल्या टप्प्यातील ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत महाराष्ट्राचा समावेश होता. पुढील वर्षी ही मोहीम देशभर नेण्यात आली. त्यासाठी १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट हे दिवस ठरविण्यात आले असून स्थानिक सोयीनुसार तारखांत बदल होऊ शकतो.

१ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळा, महाविद्यालये व अंगणवाड्यांतून ही गोळी मोफत दिली जाते. १ ते २ वर्षांच्या बालकास ४०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी चुरून पाण्यातून देतात. २ ते ३ वर्षांच्या बालकास पूर्ण गोळी चुरून देतात. त्यापुढील मुलांनी पूर्ण गोळी शिक्षकांच्या किंवा अंगणवाडी सेविकेच्या देखत चावून खावयाची असते. गोळी घरी नेऊ दिली जात नाही, कारण घरी नेलेली गोळी अनेकदा फडताळातच राहते. त्या दिवशी गैरहजर किंवा आजारी असलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी दुसरा दिवस ठेवलेला असतो. शाळाबाह्य मुलांपर्यंत पोहोचण्यात आशा कार्यकर्तीचा वाटा मोठा आहे.

गोळीनंतर काही मुलांना मळमळ, पोटदुखी किंवा चक्कर जाणवते. पोटात जंत अधिक असल्यास ते मरताना असा त्रास संभवतो आणि थोड्या विश्रांतीने तो कमी होतो. एखाद्या शाळेत दोन मुलांना उलटी झाली, की ‘गोळीने विषबाधा झाली’ अशी आवई उठते आणि शेजारच्या शाळेतील पालक मुलांना घरी ठेवतात. अशा वेळी शिक्षकांनी शांतपणे वस्तुस्थिती सांगणे व जवळच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधणे इष्ट होय. ज्या मुलाला झटके येतात किंवा अन्य दीर्घ आजार आहे, त्याच्या पालकांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भवती स्त्रियांनी पहिल्या तीन महिन्यांत हे औषध घेऊ नये. त्यापुढेही ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. शहरात पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, चिंचवडगावातील तालेरा रुग्णालय तसेच महापालिकेचे दवाखाने आणि चाकण परिसरात प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचा नागरिकांनी लाभ घ्यावा.

एका गोळीने प्रत्येक मुलाचे वजन झपाट्याने वाढेल, अशी अपेक्षा मात्र धरू नये. केनियात १९९८ पासून झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात जंतनाशक औषधामुळे शाळेतील गैरहजेरी सुमारे एकचतुर्थांशाने घटल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याच आकड्यांची फेरतपासणी होऊन काही अभ्यासकांनी या निष्कर्षाविषयी शंका घेतल्या. बाधा जेथे मोठी तेथे लाभ मोठा, हे मात्र सर्वमान्य आहे. आणि गोळी घेतलेले मूल पुन्हा त्याच मातीत गेले, तर काही महिन्यांत त्याला पुन्हा बाधा होते, हेही तितकेच सर्वमान्य आहे.

नारू गेला, जंत का राहिले?

महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांना नारूचा आजार आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना रोग्याच्या पायातून नारूच्या अळ्या पाण्यात पडत व ते पाणी पिणाऱ्यांना रोग होत असे. १९८३-८४ मध्ये देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. पाणी फडक्याने गाळणे, पायविहिरी बंद करणे, हातपंप बसविणे असे साधे उपाय योजण्यात आले. नारूवर औषध नव्हते व लसही नव्हती. तरीही देशातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

जंतांवर तर उत्तम औषध आहे. तरीही ते टिकून आहेत, कारण नारूची वाट एका पाणवठ्यातून जात होती आणि जंतांची वाट साऱ्या जमिनीवरून जाते. एक विहीर बंद करता येते, जमीन बंद करता येत नाही. तेथे प्रत्येक कुटुंबाची सवयच बदलावी लागते.

हे घडू शकते, याची साक्ष दक्षिण कोरियाने दिली आहे. १९६३ मध्ये तेथे नऊ वर्षांच्या एका मुलीच्या आतड्यातून शस्त्रक्रियेने हजाराहून अधिक जंत काढण्यात आले, पण ती वाचली नाही. त्या घटनेने देश हादरला. १९६६ मध्ये तेथे परोपजीवी रोगांच्या प्रतिबंधाचा कायदा झाला आणि १९६९ पासून शाळकरी मुलांची वर्षातून दोनदा शौचतपासणी व औषधोपचार सुरू झाले. १९७१ च्या पाहणीत शेकडा ८४ लोकांच्या पोटात कोणता ना कोणता कृमी होता. १९९७ मध्ये हे प्रमाण शेकडा अडीचपेक्षाही खाली आले. औषधाच्या जोडीला शौचालये, सांडपाण्याची व्यवस्था, शेतीत ताज्या विष्ठेच्या खताऐवजी रासायनिक खत आणि वाढते शिक्षण यांमुळे हे शक्य झाले. जपानचाही अनुभव असाच आहे.

घरात आणि वस्तीत काय करावे

प्रतिबंधाचे नियम थोडे आणि बिनखर्चाचे आहेत. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. राखेने किंवा मातीने हात घासण्याची जुनी सवय सोडावी. हात स्वच्छ करण्यासाठी घेतलेल्या मातीतच अंडी असू शकतात. मुलांची नखे दर आठवड्याला कापावीत. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी या भाज्या वाहत्या पाण्यात पानापानाने धुवाव्यात. शहराच्या सांडपाण्यावर पिकविलेला भाजीपाला कच्चा खाऊ नये. मांस पूर्ण शिजवावे. पाण्याच्या भांड्यावर झाकण व आत लांब दांड्याचे ओगराळे असावे. मुलांना बाहेर पाठविताना पायात चप्पल असावी, निदान पावसाळ्यात तरी तिचा आग्रह धरावा.

वस्तीच्या पातळीवर महिला मंडळे, बचत गट, गणेशोत्सव मंडळे व कामगार संघटना यांना पुष्कळ करता येईल. सार्वजनिक शौचालयात दिवा, पाणी व साबण आहे काय, मुलांसाठी लहान बैठका आहेत काय, हे पाहणे व नसल्यास महापालिकेकडे पाठपुरावा करणे हे त्यांचे काम होय. बांधकामाच्या ठिकाणी उतरलेल्या कुटुंबांतील मुलांची यादी जंतनाशक दिनापूर्वी आशा कार्यकर्तीच्या हाती देणे हे तर कोणाही सुजाण शेजाऱ्याला जमण्यासारखे आहे. ठेकेदाराने व मालकाने मजुरांना त्या दिवशी तासभराची सवलत दिली, तर काम अडणार नाही.

शासनाने गोळी शाळेपर्यंत पोहोचविली आहे. ती मुलाच्या पोटात जाणे पालक व शिक्षक यांच्यावर अवलंबून आहे. त्यानंतर जंत पुन्हा न होऊ देणे मात्र साऱ्या वस्तीच्या हाती आहे. येत्या जंतनाशक दिनी आपल्या घरातील आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीतील प्रत्येक मूल अंगणवाडीत किंवा शाळेत हजर राहील, एवढी दक्षता चिंचवड व चाकण परिसरातील प्रत्येक नागरिकाने घ्यावी.